हलके राउंड आणि अडकणारं पॉइंट टू-टू पिस्तूल: दहा महिन्यांचा अनुभव

दहा महिन्यांत माझ्या पॉइंट टू-टू (०.२२ इंची) पिस्तुलातून साधारण साडेचार हजार राउंड, म्हणजे काडतुसं, गेली. पहिले चार महिने सतत जॅम होत होतं आणि मी सगळा दोष पिस्तुलाला देत होते. दोष त्याचा नव्हता. मला जे चार महिन्यांनी कळलं ते दुसऱ्या कुणाला चार दिवसांत कळावं, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

मी राहते ठाण्यात, घोडबंदर रोडला. आधी सहा वर्षं दहा मीटर एअर पिस्तूल केलं. ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने २०२२ मध्ये कैरोला एअर रायफलचं जागतिक विजेतेपद मिळवलं, तेव्हापासून आमच्याकडच्या मुलांचा ओढा एअरकडेच जास्त आहे. माझ्या डोक्यात मात्र २०१८ च्या जकार्ता एशियाडपासून राही सरनोबतचं २५ मीटरचं सुवर्ण बसलेलं होतं. शेवटी ओळखीच्या एका सीनियर नेमबाजाकडून इटालियन बनावटीचं, सेकंड हँड पण नीट राखलेलं पॉइंट टू-टू स्पोर्ट पिस्तूल घेतलं आणि परवान्यावर नोंद करून घेतली.

एअर पिस्तुलात प्रत्येक छर्रा हाताने भरायचा असतो, त्यामुळे 'पुढचा राउंड चढलाच नाही' हा प्रकारच तिथे नाही. इथे मॅगझिनमध्ये पाच राउंड भरायचे, पहिला राउंड बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता भाग) ओढून चढवायचा आणि उरलेले चार पिस्तुलाने स्वतः चढवायचे. माझी अडचण या चारांचीच होती.

पुरुषांच्या रॅपिड फायरमध्ये (काही सेकंदांत पाच टार्गेटांवर पाच शॉट मारायचा प्रकार) खेळणाऱ्या एका दादाने हलके टार्गेट राउंड सुचवले होते. झटका कमी, हात लवकर खाली येतो, असं त्याचं म्हणणं. ते खरंही आहे. पहिल्याच दिवशी पिस्तूल हातात इतकं शांत राहिलं की मी त्याच राउंडची बरीच खोकी घेऊन ठेवली. पण ५० च्या एका खोक्यात दोन-तीन वेळा तरी अडकायचं, कधी पाच वेळा. रिकामी पुंगळी (काडतुसाचं धातूचं कवच) बाहेर पडायच्या वाटेतच बोल्टच्या तोंडात चिमटली जायची, धुराड्यासारखी उभी. नाहीतर पुंगळी उडून जायची, बोल्ट बंद व्हायचा, सगळं ठीक दिसायचं आणि पुढच्या ट्रिगरला नुसतं 'टक्'. चेंबर, म्हणजे नळीतली राउंड बसायची जागा, रिकामं. हा दुसरा प्रकार जास्त त्रास देतो, कारण तो ट्रिगर दाबेपर्यंत समजत नाही.

हे का होतं ते समजून घेतलं आणि माझी चिडचिड बरीच कमी झाली. या पिस्तुलात बोल्टला कुलूप असं काही नसतं. बोल्टचं वजन आणि मागची स्प्रिंग, एवढ्यावरच चेंबर बंद राहतं. बार झाला की गॅसचा दाब गोळीला पुढे आणि पुंगळीला मागे ढकलतो. पुंगळीच बोल्टला मागे रेटते, बोल्ट मागे जाताना ती बाहेर फेकली जाते आणि पुढे येताना मॅगझिनमधला वरचा राउंड चेंबरमध्ये जातो. नेहमीच्या स्टँडर्ड राउंडची ४० ग्रेनची, म्हणजे २.६ ग्रॅमची गोळी सेकंदाला साधारण ३३० मीटर वेगाने निघते. माझ्या हलक्या राउंडची गोळी तेवढ्याच वजनाची, पण वेग ३०० च्या आत. वेग जितका कमी, तितका बोल्टला मिळणारा धक्काही कमी. बोल्ट अर्धा-पाऊण सेंटिमीटर कमी मागे गेला, तरी तो पुंगळी फेकतो पण पुढच्या राउंडच्या मागे पोचत नाही. मग रिकाम्या चेंबरवरच बंद होतो.

म्हणजे हलका राउंड जेमतेम पुरतो. त्यात वाटेत जे काही घासेल, चिकटेल, ते सगळं त्याच्या विरोधात जातं.

माझ्या प्रशिक्षक सरांनी मला एक वही करायला सांगितली. प्रत्येक जॅम कितव्या राउंडला झाला, कुठलं मॅगझिन होतं, पिस्तूल कधी साफ केलं होतं. तीन आठवड्यांत वहीतून तीन गोष्टी निघाल्या. बरेचसे जॅम सफाईनंतरच्या दीडशे राउंडच्या पुढे होत होते. दोनपैकी एक मॅगझिन जास्त अडकत होतं. आणि दमल्यावर, सरावाच्या शेवटच्या अर्ध्या तासात, प्रमाण वाढत होतं.

शेवटच्या गोष्टीचं कारण पिस्तुलात नव्हतं, माझ्या मनगटात होतं. आपण एका हाताने मारतो. मनगट सैल पडलं की बोल्टबरोबर पूर्ण पिस्तूलच मागे जातं आणि बोल्टची स्वतःची धाव तेवढी घटते. सरांनी मोबाइलवर स्लो मोशनमध्ये दाखवलं तेव्हा पटलं.

सफाईचं प्रकरण मात्र मला कुणी नीट सांगितलेलं नव्हतं. मी नळीतून ब्रश फिरवत होते, चिंधी ओढत होते आणि झालं म्हणत होते. एका रविवारी बोल्ट पूर्ण बाहेर काढून वर्तमानपत्रावर ठेवला आणि एक्स्ट्रॅक्टरच्या, म्हणजे पुंगळीची कड पकडणाऱ्या त्या छोट्या नखाच्या खाली टूथपिक घातली. तांदळाच्या दाण्याएवढा करडा, मेणचट गोळा निघाला. नखाने दाबला तर साबणासारखा दबत होता. पॉइंट टू-टूच्या शिशाच्या गोळीवर मेणाचा किंवा ग्रीसचा थर असतो. तो, शिशाचा भुगा आणि जळलेल्या दारूची काजळी मिळून हा लगदा होतो. तो नखाखाली साचला की पुंगळीची पकड सुटते आणि चेंबरच्या भिंतीला चिकटला की पुंगळी निघायला जास्त जोर लागतो. हलक्या राउंडकडे तो जास्तीचा जोरच नसतो.

त्यात आपला ठाण्याचा पावसाळा. जुलैत आमच्याकडे कपाटातल्या चामड्याच्या चपलांवर बुरशी येते. गंजाच्या भीतीने मी बोल्टला तेल अक्षरशः माखत होते. त्या तेलात काजळी मिसळून जाड चिखल व्हायचा. आता तेल एक थेंब, बोटाने पसरवून कोरड्या कापडाने पुसलेलं. गंजासाठी केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवते आणि दर पंधरा दिवसांनी बदलते. अडकणाऱ्या मॅगझिनचे ओठ किंचित फाकले होते. ते स्वतः पक्कडीने वाकवू नका. मी जाणकाराकडून करून घेतलं.

स्प्रिंगबद्दलही सांगते. हलक्या राउंडसाठी हलकी स्प्रिंग बसवता येते, बसवणारे बसवतातही. पण आहे त्या स्प्रिंगचे वेटोळे कापायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. उद्या त्याच पिस्तुलात जोरकस राउंड घातला तर बोल्ट मागे जाऊन फ्रेमवर आदळेल.

आमच्या रेंजवर एक काका येतात. नोकरीनिमित्त बरीच वर्षं परदेशात असताना ते तिथे क्ले, म्हणजे हवेत उडवलेल्या मातीच्या चकत्या, शॉटगनने मारायचे. माझी वही बघून म्हणाले, "अगं, बारा बोअरच्या सेमी-ऑटोलाही हेच दुखणं." ट्रॅप आणि स्कीट या क्लेच्या ऑलिंपिक प्रकारांत काडतुसात छर्रे २४ ग्रॅमचेच असतात, शिकारीच्या काडतुसांपेक्षा खूप हलके. गॅसवर चालणाऱ्या शॉटगनमध्ये नळीच्या भोकातून येणारा गॅस पिस्टनला ढकलतो. भोकं काजळीने बुजली किंवा पिस्टनची रिंग झिजली की हलक्या काडतुसाचा गॅस पुरत नाही. दुसऱ्या प्रकारात बंदुकीच्या मागे येण्याच्या झटक्यावरच आतली यंत्रणा चालते. तिथे झटकाच कमी पडला, किंवा बंदूक खांद्याला नीट टेकलेली नसली, की अर्ध्यात थांबते. नव्या बंदुकीला आधी जड काडतुसं देऊन सैल करायची, मग हलकी, असं काका करायचे. त्यांची सेमी-ऑटो सरावापुरतीच होती. स्पर्धेला एकावर एक नळ्यांची दुनळी, कारण तिच्यात आपोआप पुढेमागे सरकणारं काही नाही.

एवढं सगळं केल्यावर हलक्या राउंडचे जॅम दोन खोक्यांत एकावर आले. मी खूश होते. मग बालेवाडीला एका स्पर्धेत, आमच्या २५ मीटरच्या रॅपिड टप्प्यात, पाच-पाच शॉटच्या दुसऱ्या मालिकेत चौथ्या शॉटला 'टक्'. नियम माहीत होता म्हणून वाचले: पिस्तूल टार्गेटच्याच दिशेला धरून दुसरा हात वर करायचा. अधिकाऱ्याने तपासायच्या आत बोल्ट उघडला तर बिघाड मान्य होत नाही. माझा मान्य झाला, उरलेले शॉट मारायला मिळाले. पण ही सवलत पुन्हापुन्हा मिळत नाही, आणि पुढच्या प्रत्येक शॉटला माझं लक्ष साइटवर नव्हतं, कानात होतं.

परतीच्या गाडीत मी पहिल्यांदा हिशेब केला, जो हे राउंड घेण्याआधी करायला हवा होता. आमच्या रॅपिडमध्ये टार्गेट तीन सेकंद दिसतं, सात सेकंद जातं, आणि त्या तीन सेकंदांत एकच शॉट. पुढच्या शॉटसाठी हात लवकर खाली येण्याचा फायदा मला कुठे होता? त्या दादाला आहे, त्याला चार सेकंदांत पाच टार्गेटांवर पाच मारायचे असतात. आणि अचूकता म्हणाल, तर प्रिसिजनच्या, म्हणजे सावकाश मारायच्या टप्प्याच्या, टार्गेटचा दहाचा गोल ५० मिलिमीटरचा, रॅपिडचा १०० चा. दोन्ही राउंड त्यात आरामात बसतात. जे मला लागतच नव्हतं, त्यासाठी मी चार महिने घालवले होते.

मार्चपासून स्टँडर्ड राउंड वापरते. शेवटच्या १,५०० मध्ये चार वेळा अडकलं, त्यातले तीन त्या जुन्या मॅगझिनचे. ते आता सरावालाही काढत नाही. झटका थोडा जास्त आहे, दोन आठवड्यांत हाताला सवय झाली.

पिस्तुलाला मी पूर्ण गुण देईन. ट्रिगर स्वच्छ, ग्रिप हाताला बसलेली, आणि साफ ठेवलं तर कुरकुर नाही. हलके राउंड वाईट नाहीत. पुरुषांचं रॅपिड खेळणाऱ्याने जरूर वापरून बघावेत, पण आपल्या पिस्तुलात किमान ३०० राउंड न अडकता गेल्याशिवाय स्पर्धेला नेऊ नयेत. आणि हलके राउंड मारताना एखादा बार फुसका वाटला, आवाज नेहमीपेक्षा दबका आला, तर तिथेच थांबा. मॅगझिन काढा, चेंबर रिकामं करा आणि नळी मोकळी आहे ना ते बघून घ्या. गोळी आत अडकली असेल आणि मागून दुसरी सुटली तर नळी फाटते. आमच्याकडच्या नवीन मुलींना मी सफाईच्या आधी हेच शिकवते.

हलक्यातली सहा खोकी अजून कपाटात आहेत. ती प्रिसिजनच्या सरावाला मॅगझिनमध्ये एकेकच राउंड भरून संपवते आहे.