पाव्हारोत्तींचा रोडोल्फो: १९७२ ऐकावा की १९७७ पाहावा?

पुच्चिनीचा ऑपेरा 'ला बोहेम' पहिल्यांदाच सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकायचा आहे आणि त्यातला नायक, कवी रोडोल्फो, इटालियन गायक पाव्हारोत्तींचाच हवा, असं ठरलं असेल तर निवड बहुधा दोन ठिकाणी येऊन अडते. एक म्हणजे कंडक्टर हर्बर्ट फॉन कारायान यांनी १९७२ मध्ये बर्लिन फिलहार्मोनिक या ऑर्केस्ट्राबरोबर केलेलं डेक्का कंपनीचं ध्वनिमुद्रण, ज्यात नायिका मिमी आहे मिरेला फ्रेनी. दुसरा, १५ मार्च १९७७ला न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरातून दूरचित्रवाणीवर थेट दाखवलेला प्रयोग. तिथे मिमी रेनाटा स्कॉटो आणि कंडक्टर जेम्स लिव्हाइन. जाणकारांना विचाराल तर बहुतेक जण पहिल्याचंच नाव घेतील, आणि त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही. माझ्याकडे दोन्ही आहेत. पुन्हा पुन्हा लावला जातो तो मात्र दुसरा.

आधी १९७२बद्दल, कारण त्याचं देणं मोठं आहे. पाव्हारोत्तींनी रंगमंचावर पदार्पण केलं तेच रोडोल्फो म्हणून, २९ एप्रिल १९६१ला इटलीतल्या रेज्जो एमिलियामध्ये. म्हणजे बर्लिनला पोचेपर्यंत ही भूमिका त्यांच्या गळ्यात अकरा वर्षं मुरलेली होती आणि आवाज ऐन भरात होता. त्याच वर्षी त्यांनी आपल्या मुंबईच्या झुबिन मेहतांबरोबर लंडनमध्ये पुच्चिनीचाच 'तुरांदोत'ही ध्वनिमुद्रित केला. दोन्ही लागोपाठ ऐकले की कळतं, हा माणूस त्या वर्षी काय काय करू शकत होता. 'के जेलिदा मानिना' या रोडोल्फोच्या पहिल्या अंकातल्या आरियामधला, म्हणजे एकट्याच्या गाण्यामधला, 'स्पेरान्झा' या शब्दावरचा तो वरचा सूर इथे चढून गाठल्यासारखा वाटत नाही; खालच्या ओळीतूनच तो उमलत येतो. फ्रेनी आणि पाव्हारोत्ती दोघंही मोदेनाचे, दोघांचाही जन्म १९३५चा, दोघांच्या आया एकाच तंबाखूच्या कारखान्यात कामाला. इटालियन शब्द दोघांच्या तोंडात सारखाच बसतो, आणि ती जवळीक मला तरी ऐकू येते. ऑर्केस्ट्राबद्दल तर वाद घालण्यात अर्थच नाही. तिसऱ्या अंकाच्या सुरुवातीला पॅरिसच्या वेशीवरची बर्फाची पहाट बर्लिनच्या वादकांनी जशी उभी केली आहे, तशी मी इतरत्र ऐकलेली नाही.

मग अडतं कुठे?

अडतं ते आवाजाच्या चढउतारात. कारायान यांचं हळू म्हणजे खरोखर कुजबुज असते आणि त्यांचं मोठं म्हणजे भिंती हादरतात. शांत, बंद खोलीत हे वैभवच आहे. माझं घर रस्त्याकडेला आहे. खिडकी लावली तरी बस, रिक्षा आणि कुकरच्या शिट्ट्या आत येतातच. त्यामुळे हात सतत रिमोटवर राहतो: कुजबुज ऐकू यावी म्हणून वाढव, पुढच्या मिनिटाला दचकून कमी कर. इतर अंकांत हे चालवून घेता येतं. चौथ्या अंकात येत नाही. मिमी गेली हे सगळ्यात आधी रोडोल्फोचा मित्र शोनार याच्या लक्षात येतं आणि तो दुसऱ्या मित्राला, मार्चेल्लोला, ते अगदी दबक्या आवाजात सांगतो. रोडोल्फोला अजून काही कळलेलं नाही. तुम्ही माझ्याकडे असे का बघताय, एवढंच तो विचारतो, तेही जवळजवळ बोलल्यासारखं. हे चार शब्द ऐकू यावेत म्हणून मी आवाज वाढवलेला असतो, आणि त्याच क्षणी ऑर्केस्ट्रा पूर्ण ताकदीनिशी कोसळतो. रोडोल्फोची 'मिमी!' ही हाक ऐकण्याऐवजी मी बटण शोधत असतो. ज्या क्षणासाठी सगळा ऑपेरा ऐकायचा, तोच हातातून जातो. हेडफोनने थोडा फरक पडतो, पण तो आघात मग थेट कानात होतो. शिवाय 'बोहेम' मला घरच्यांसोबत ऐकायला आवडतो.

१९७७च्या प्रयोगात ही तारांबळ होत नाही. ध्वनी साधा आहे आणि चढउतार आटोपशीर. चित्र जुनं, थोडं अंधुक. स्कॉटोंचा वरचा सूर कधी कधी धारदार लागतो. फ्रेनींची ऊब तिथे नाही. पण शब्द कसा टाकायचा हे स्कॉटोंना असं ठाऊक आहे की त्यांची मिमी आजारी आहे हे पहिल्या अंकातच जाणवतं. आणखी एक त्रास मान्य करायला हवा. रोडोल्फो आपल्या आरियाच्या शेवटी मिमीला विचारतो, आता तुम्ही सांगा, तुम्ही कोण? ती 'सी', म्हणजे 'हो', म्हणून सुरू करते. प्रश्न आणि उत्तर यांच्या मध्येच टाळ्यांचा कडकडाट होतो. संगीत नाटकात वन्स मोअर घेत वाढलेल्या आपल्या कानांना ते फारसं खुपू नये. मला खुपत नाही.

आणि मुख्य म्हणजे इथे रोडोल्फो दिसतो. पाव्हारोत्ती हालचालींचे नट नव्हते, हे खरंच. पण ही भूमिका निम्मी ऐकण्याची आहे. पहिल्या अंकात मिमीची हरवलेली किल्ली रोडोल्फोला अंधारात सापडते, तो ती खिशात टाकतो आणि सापडली नाही असं मिमीला सांगतो. ध्वनिमुद्रणात यातलं फक्त एक 'आ!' आणि एक 'नो!' कानावर पडतं. गोष्ट आधीच माहीत नसेल तर ते निसटून जातं. रंगमंचावर त्या एका लबाडीतून प्रेमाची सुरुवात होताना दिसते. शेवटी तर सगळ्यांना कळलंय आणि याला एकट्याला नाही, ही स्थिती डोळ्यांनी बघण्यासारखीच आहे.

तुमची खोली शांत असेल, स्पीकर चांगले असतील, आणि नुसता आवाज हेच तुमच्यासाठी सर्वस्व असेल, तर माझा आक्षेप बाद समजा आणि बेलाशक १९७२ घ्या. बाकीच्यांनी, विशेषतः ज्यांचा हा पहिला 'बोहेम' आहे त्यांनी, १९७७पासून सुरुवात करावी असं मला वाटतं. अजून ठरत नसेल तर दोन्हींचा फक्त चौथा अंक, संध्याकाळच्या नेहमीच्या गलक्यात, रिमोट बाजूला ठेवून लावून बघा. तिसऱ्या अंकासाठी मात्र बर्लिनचं ध्वनिमुद्रण पुढेमागे घ्याच. तो अंक मी अजूनही तिथेच ऐकतो.