यॉर्कचं यॉर्विक व्हायकिंग सेंटर: चौथीच्या तीस मुलांसोबत

मी इंग्लंडमधल्या लीड्सच्या एका प्राथमिक शाळेत चौथीला शिकवते. इथल्या अभ्यासक्रमात व्हायकिंग, म्हणजे हजार-बाराशे वर्षांपूर्वी उत्तरेकडून समुद्रमार्गे इंग्लंडवर चालून आलेले आणि मग इथेच वसलेले लोक, आहेतच. यंदा सहलीआधी एका दुकानातून शिकवण्याच्या वस्तूंची 'व्हायकिंग पेटी' भाड्याने आणली. उघडली तर वरच शिंगांचे प्लॅस्टिकचे टोप! व्हायकिंग योद्धे शिंगं लावून लढत नव्हते, ती शिंगं एकोणिसाव्या शतकातल्या ऑपेरांनी रूढ केली. पण पोरांनी तासभर एकमेकांना ढुशा मारल्या आणि त्यांच्या डोक्यात तेवढंच राहिलं. मला फार लागलं ते.

यॉर्विकला गेल्यावर तो टोप पुन्हा कुणाच्या तोंडी आला नाही. जिथे १९७६ ते १९८१ उत्खनन झालं, यॉर्क शहरातल्या त्याच कॉपरगेट नावाच्या रस्त्यावर १९८४ साली हे संग्रहालय उघडलं. इथली माती ओली, तिच्यात हवा शिरत नाही, म्हणून लाकूड, चामडं, कापड हजार वर्षं टिकलं. कॉपर म्हणजे तांबं, म्हणून रस्त्याचं नाव ऐकून मला पुण्याची तांबट आळी आठवली, पण इथे तांब्याचा संबंध नाही. व्हायकिंगांच्या जुन्या नॉर्स भाषेत ही वाट्या-पेले करणाऱ्यांची आळी.

छोट्या डब्यात बसून आपण दहाव्या शतकातल्या त्या आळीतून फिरतो. घरं, कारागीर, शौचाला बसलेला एक माणूस, आणि वाससुद्धा! डबा त्या माणसाजवळ आला तेव्हा माझ्या वर्गाने नाकं दाबली, पण नजर कुणाची हटली नाही. पुढे काचेत खरीखुरी हजार वर्षांपूर्वीची विष्ठा ठेवली आहे, वीतभर लांब, १९७२ साली जवळच सापडलेली. त्या माणसाच्या खाण्यात मांस आणि पाव होता, पोटात जंत होते, हे त्यावरून कळलं. "त्याचं पोट दुखत असेल का हो मिस?" हा प्रश्न कुठल्याही धड्यातून आला नसता.

पण मला विचाराल तर सगळ्यात मोलाचा तो लोकरीचा मोजा. एकाच सुईने फासे घालत विणलेला, टाचेला नीट आकार दिलेला. एक मुलगी त्याच्यासमोर उकिडवी बसली, स्वतःचा बूट काढला आणि आपल्या मोज्याची टाच काचेजवळ धरून दोन्हींकडे आळीपाळीने बघत राहिली. मी घाई केली नाही.

शाळेच्या गटाने वेळ आधी नक्की करून जावं. आणि ७९३ साली व्हायकिंगांनी इंग्लंडच्या लिंडिसफार्न बेटावरच्या मठावर केलेला हल्ला सहलीनंतर शिकवा. मी तसंच केलं. मागच्या बाकावरून विचारणा झाली, "मिस, मोजे विणणाऱ्यांच्या पणजोबांनी मठ लुटला?" त्यावर आमचे दोन तास गेले. गणित दुसऱ्या दिवशी घेतलं.