पोलिंग, सर्व्हर-सेंट इव्हेंट्स की वेबसॉकेट: ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातील संवादाची निवड

वेबवर ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात, त्या एचटीटीपीचा मूळ नियम साधा आहे: आधी ब्राउझरने विचारायचे आणि मग सर्व्हरने उत्तर द्यायचे. सर्व्हरकडे कितीही महत्त्वाची माहिती आलेली असली, तरी कोणी विचारल्याखेरीज ती सांगण्याची सोय या नियमात नाही. मार्च १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोरर ५ बरोबर एक्सएमएलएचटीटीपी हा घटक दिला आणि संपूर्ण पान पुन्हा न मागवता मागच्या मागे विनंती पाठवणे शक्य झाले. २००५ मध्ये जेसी जेम्स गॅरेट यांनी या पद्धतीला एजॅक्स हे नाव दिले, आणि जीमेल व गूगल मॅप्स यांच्यामुळे ती सर्वांच्या परिचयाची झाली. विचारण्याची जबाबदारी मात्र तेव्हाही ब्राउझरवरच राहिली. त्यामुळे चॅट, सामन्याचा धावफलक, दीर्घकाळ चालणाऱ्या कामाची प्रगती किंवा अनेकांनी एकाच वेळी संपादित करायचा दस्तऐवज असे काही बांधायला घेतले, की सर्व्हरकडील नवी माहिती ब्राउझरपर्यंत वेळेत कशी पोहोचवायची, हा प्रश्न उभा राहतो.

व्यवहारात त्याची चार उत्तरे प्रचलित आहेत. ठरावीक अंतराने विचारत राहणे म्हणजे पोलिंग. सांगण्यासारखे काही मिळेपर्यंत सर्व्हरने विनंती रोखून धरणे म्हणजे लाँग पोलिंग. एकच प्रतिसाद न संपवता त्यातून माहिती वाहती ठेवणे म्हणजे सर्व्हर-सेंट इव्हेंट्स. आणि दोन्ही बाजूंना केव्हाही बोलू देणारी जोडणी म्हणजे वेबसॉकेट. निवड करताना बहुतेक जण यांतील सर्वांत वेगवान पद्धत कोणती, असे विचारतात. माझ्या मते त्याआधी दुसरा प्रश्न विचारला पाहिजे: जोडणी तुटली, तर त्या काळात चुकलेली माहिती कोण भरून काढणार आहे? मोबाइल एका नेटवर्कवरून दुसऱ्यावर जातो, लॅपटॉप मिटला जातो, सर्व्हरवर नवी आवृत्ती चढते. जोडणी तुटणे ही रोजची घटना आहे, आणि या चारही पद्धतींमधला खरा फरक तिथेच दिसतो.

विचारत राहण्याच्या पद्धती

पोलिंगला कमी लेखण्याची प्रथा आहे, आणि ती मला अन्यायकारक वाटते. दर वेळी ब्राउझर सद्यःस्थिती विचारतो आणि सर्व्हर ती सांगतो. मधली एखादी विनंती अयशस्वी झाली तरी पुढची विनंती सगळे पूर्ववत करते. कोणाची जोडणी कुठपर्यंत आली होती, हे सर्व्हरला लक्षात ठेवावे लागत नाही. स्थिती बदललेली नसेल, तर ईटॅगच्या (माहितीच्या आवृत्तीची खूण) साहाय्याने ३०४, म्हणजे ‘काही बदललेले नाही’, हा छोटा प्रतिसाद देऊन काम भागते. किंमत मोजावी लागते ती दोन ठिकाणी. माहिती सरासरी दोन विनंत्यांमधील अंतराच्या निम्म्या वेळेने उशिरा पोहोचते, आणि काहीही घडले नसले तरी विनंत्या चालूच राहतात: दहा हजार वापरकर्ते दर पाच सेकंदांनी विचारत असतील, तर सर्व्हरला सेकंदाला दोन हजार विनंत्या हाताळाव्या लागतात. तीस सेकंदांचा उशीर चालणार असेल आणि वापरकर्ते मर्यादित असतील, तर निर्णय इथेच थांबवावा, असे मी निःसंकोच सांगेन. एकच काळजी घ्यावी, ती म्हणजे पुढच्या विनंतीचा टायमर आधीचे उत्तर आल्यानंतर लावावा. अन्यथा सर्व्हर मंदावला की अनुत्तरित विनंत्यांचा ढीग साचतो आणि तो आणखी मंदावतो. मागे पडलेल्या टॅबमधील टायमर ब्राउझर मुद्दाम संथ करतात, हेही गृहीत धरावे. २०२१ मधील क्रोम ८८ पासून पाच मिनिटांहून अधिक काळ झाकलेल्या पानाचे टायमर ठरावीक परिस्थितीत मिनिटाला एकदाच चालतात.

लाँग पोलिंगमध्ये उशीर जवळजवळ नाहीसा होतो, पण एक फट राहते. उत्तर ब्राउझरकडे निघाल्यापासून पुढची विनंती पोहोचेपर्यंत सर्व्हरकडे नवे काही आले, तर ते कोणासाठी तरी राखून ठेवावे लागते; म्हणजे ‘अमुक क्रमांकापर्यंतचे मला मिळाले आहे’ हे ब्राउझरने प्रत्येक विनंतीत सांगण्याची व्यवस्था हवी. २००६ मध्ये अॅलेक्स रसेल यांनी अशा तंत्रांना कॉमेट हे नाव दिले, आणि २०११ मधील आरएफसी ६२०२ या इंटरनेट-तंत्रांच्या दस्तऐवजाने त्यांतील अडचणींची पद्धतशीर नोंद केली. विनंती सुमारे ३० सेकंदांपर्यंतच रोखून धरणे सुरक्षित, हा तिच्यातील सल्ला आजही उपयोगी आहे. नव्या कामासाठी लाँग पोलिंग स्वतंत्रपणे निवडण्याचे कारण मला सहसा दिसत नाही. इतर मार्ग अडवणाऱ्या नेटवर्कसाठी राखीव उपाय म्हणून मात्र ते टिकून आहे, सॉकेट.आयओ ही लायब्ररी मुळात लाँग पोलिंगनेच सुरुवात करते आणि मग शक्य असेल तर वेबसॉकेटवर जाते.

उघडी ठेवलेली जोडणी

खरी निवड करावी लागते ती सर्व्हर-सेंट इव्हेंट्स आणि वेबसॉकेट यांच्यामध्ये. पहिली पद्धत हा नेहमीचाच एचटीटीपी प्रतिसाद आहे. त्याचा प्रकार टेक्स्ट/इव्हेंट-स्ट्रीम असतो आणि सर्व्हर तो संपवत नाही. प्रत्येक घटना साध्या मजकुराच्या ओळींत लिहिली जाते आणि रिकामी ओळ आली की ती पूर्ण झाली असे समजतात. घटनेसोबत आयडी दिला असेल, तर तो ब्राउझर लक्षात ठेवतो. जोडणी तुटल्यावर काही सेकंदांत स्वतःहून पुन्हा जोडणी करतो आणि शेवटचा आयडी लास्ट-इव्हेंट-आयडी या हेडरमधून (विनंतीसोबत जाणारी माहितीची ओळ) सर्व्हरला कळवतो. वर विचारलेल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर अशा रीतीने ब्राउझरमध्येच तयार मिळते. उरलेले निम्मे सर्व्हरने द्यायचे असते, कारण मागील घटना कुठे साठवलेल्या नसतील, तर त्या हेडरचा काही उपयोग होत नाही.

या सोयीला एक मर्यादा आहे आणि ती अनेकांना उशिरा कळते. नेटवर्क तुटले तर ही जोडणी सांभाळणारा ब्राउझरमधील इव्हेंटसोर्स पुन्हा प्रयत्न करतो, पण पुन्हा जोडताना सर्व्हरकडून किंवा मधल्या प्रॉक्सीकडून (विनंत्या पुढे पोहोचवणारा सर्व्हर) ५०२ अथवा ५०३ असा त्रुटीचा प्रतिसाद आला, तर प्रमाणकानुसार तो कायमचा बंद होतो. नवी आवृत्ती चढवताना नेमके हेच घडते. म्हणून त्रुटीची घटना आली की जोडणीची अवस्था तपासावी, ती बंद झालेली असल्यास आपणच नवा इव्हेंटसोर्स तयार करावा, आणि नव्या इव्हेंटसोर्सला जुना आयडी ठाऊक नसल्यामुळे तो जोडणीच्या पत्त्यातून (यूआरएल) पाठवावा. काम फार मोठे नाही, पण ते केलेले नसेल तर पान जिवंत दिसते आणि माहिती मात्र थांबलेली असते.

मधल्या यंत्रणांचा त्रासही इथे होतो. एंजिनएक्स हा प्रॉक्सी मूळ मांडणीत सर्व्हरचा प्रतिसाद साठवून मग पुढे पाठवतो, आणि ६० सेकंद काही वाचायला मिळाले नाही तर जोडणी सोडून देतो. विकसकाच्या संगणकावर एकेक करून येणाऱ्या घटना प्रत्यक्ष वापरात गठ्ठ्याने येऊ लागल्या, तर पहिला संशय या साठवणुकीवर घ्यावा. एक्स-अॅक्सेल-बफरिंग या हेडरची किंमत ‘नो’ ठेवून त्या प्रतिसादापुरती ती बंद करता येते. जोडणी शांत राहू नये म्हणून साधारण दर १५ सेकंदांनी एक टिप्पणीची ओळ पाठवावी, अशी सूचना प्रमाणकातच आहे. दुसरी अडचण एचटीटीपी १.१ वर येते, कारण ब्राउझर एका सर्व्हरशी एका वेळी साधारण सहाच जोडण्या ठेवतो. वापरकर्त्याने सहा टॅब उघडले की सातव्याच्या साध्या विनंत्याही खोळंबतात. एचटीटीपी २ वर एकाच जोडणीतून अनेक प्रवाह जातात, त्यामुळे ही अडचण उरत नाही. तेव्हा एचटीटीपी २ उपलब्ध नसेल, तर मी सर्व्हर-सेंट इव्हेंट्स सुचवणार नाही.

वेबसॉकेटचे प्रमाणक, आरएफसी ६४५५, डिसेंबर २०११ मध्ये आले. जोडणीची सुरुवात एचटीटीपी विनंतीनेच होते. सर्व्हर १०१, म्हणजे ‘बोलण्याची पद्धत बदलू’, असे उत्तर देतो आणि त्यानंतर त्याच जोडणीवरून वेगळीच भाषा बोलली जाते. छोट्या संदेशावरील अतिरिक्त भार सर्व्हरकडून येताना २ बाइट आणि ब्राउझरकडून जाताना ६ बाइट इतकाच असतो, मजकुराखेरीज बायनरी माहितीही पाठवता येते, आणि दोन्ही बाजू एकाच वेळी बोलू शकतात. एकत्रित संपादनात प्रत्येक अक्षरागणिक बदल पाठवायचे असतील, सामाईक फळ्यावर रेषा उमटवायची असेल किंवा खेळातील हालचाली कळवायच्या असतील, तर याला तोड नाही आणि तिथे दुसरा विचार करण्यात वेळ घालवू नये.

मात्र एचटीटीपीने न मागता दिलेल्या अनेक गोष्टी इथे सोडून द्याव्या लागतात. विनंती आणि उत्तर यांची जोडी राहत नाही, म्हणून संदेशांना क्रमांक देऊन ती आपणच जुळवावी लागते. स्थितिदर्शक क्रमांक नाहीत, कॅशे नाही, आणि तुटल्यावर आपोआप पुन्हा जोडणे तर मुळीच नाही. संदेश पाठवण्याची आज्ञा यशस्वी झाली, याचा अर्थ तो रांगेत लागला एवढाच असतो. तो पोहोचल्याची खात्री हवी असेल, तर पोहोचपावती आपल्यालाच रचावी लागते. प्रमाणकात जोडणी जिवंत आहे का हे तपासणारे पिंग आणि पाँग आहेत, पण ब्राउझरमधील जावास्क्रिप्टला पिंग पाठवता येत नाही. त्यामुळे नेटवर्क गुपचूप नाहीसे झाले, तर जोडणी बराच काळ उघडीच दिसू शकते, आणि ते ओळखण्यासाठी साध्या संदेशांतूनच ठरावीक अंतराने ‘मी आहे’ असा ठोका द्यावा लागतो.

सुरक्षिततेचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण त्यातील चूक चाचणीत दिसत नाही. एका संकेतस्थळाच्या पानाला दुसऱ्याची माहिती वाचू न देणारे ब्राउझरचे समान-उगम धोरण वेबसॉकेटच्या जोडणीला अडवत नाही, आणि जोडणीच्या विनंतीसोबत कुकी जाऊ शकते. केवळ कुकीवर विसंबणाऱ्या सर्व्हरने विनंती कोणत्या संकेतस्थळावरून आली हे सांगणारे ओरिजिन हेडर तपासले नाही, तर परक्या संकेतस्थळावरील पान वापरकर्त्याच्या नावाने जोडणी उघडू शकते. कुकीऐवजी टोकन (ओळख पटवणारी खूण) वापरायचे म्हटले, तरी ब्राउझरमधून वेबसॉकेटला किंवा इव्हेंटसोर्सला स्वतःचे हेडर जोडता येत नाही. त्यामुळे आधी साध्या विनंतीने अल्पकाळ चालणारा एकवार परवाना घेऊन तो जोडणीच्या वेळी दाखवणे, हा मला पटलेला मार्ग आहे.

सर्व्हर-सेंट इव्हेंट्स आणि वेबसॉकेट या दोन्ही पद्धतींत जोडणी एका विशिष्ट सर्व्हरवर राहते. सर्व्हर अनेक असतील, तर एकाकडे आलेली बातमी इतरांकडील वापरकर्त्यांपर्यंत नेण्यासाठी रेडिससारखी संदेश वाटून देणारी मधली यंत्रणा लागतेच. सर्व्हर पुन्हा सुरू झाला की सगळे ब्राउझर एकाच क्षणी धडकू नयेत, म्हणून पुन्हा जोडण्यापूर्वीची प्रतीक्षा वाढत जाणारी असावी आणि तिच्यात थोडी यादृच्छिकताही ठेवावी.

कोणत्या कामासाठी काय

सूचना, धावफलक, कामाची प्रगती, निरीक्षण-फलक या कामांत माहितीचा ओघ सर्व्हरकडून ब्राउझरकडे असतो आणि उलट दिशेने क्वचितच काही जाते. त्यांसाठी मी सर्व्हर-सेंट इव्हेंट्स निवडेन आणि ब्राउझरकडून काही पाठवायचे असल्यास साधी पोस्ट (माहिती पाठवण्याची एचटीटीपी) विनंती वापरेन. साधे चॅटसुद्धा या जोडीवर उत्तम चालते, कारण माणूस संदेश लिहितो त्या वेगाला स्वतंत्र पोस्ट विनंती सहज पुरते. भाषा-प्रारूपांची उत्तरे शब्दाशब्दाने दाखवण्यासाठी पोस्ट विनंतीचा प्रतिसाद फेच या ब्राउझरमधील सोयीच्या साहाय्याने वाहता वाचला जातो आणि मांडणी टेक्स्ट/इव्हेंट-स्ट्रीमचीच ठेवली जाते. त्यात हेडरचे स्वातंत्र्य मिळते, पण आपोआप पुन्हा जोडण्याची सोय जाते, हे लक्षात घेऊनच ती वाट धरावी.

शक्य असेल तिथे उघड्या जोडणीवरून केवळ ‘अमुक नोंद बदलली’ एवढेच कळवावे आणि प्रत्यक्ष माहिती ब्राउझरने नेहमीच्या विनंतीने आणावी, असे मी सुचवेन. एखादी सूचना हरवली, तरी पुन्हा जोडल्यावर एकदा संपूर्ण स्थिती मागवली की सगळे जुळते, परवानग्यांची तपासणी एकाच ठिकाणी राहते, आणि पुढे जोडणीची पद्धत बदलायची वेळ आली तर बदल थोडक्यात होतो. अक्षरागणिक संपादनासारख्या कामात हा दुहेरी फेरा परवडत नाही. तिथे वेबसॉकेटच हवे.

वेबट्रान्सपोर्ट हा नवा पर्याय एचटीटीपी ३ वर चालतो, अनेक स्वतंत्र प्रवाह देतो आणि हरवले तरी चालतील असे संदेशही पाठवू देतो. तो क्रोम ९७ मध्ये २०२२ साली आणि फायरफॉक्स ११४ मध्ये २०२३ साली आला. जुनी स्थिती उशिरा मिळण्यापेक्षा न मिळालेली बरी, अशा खेळांसाठी किंवा माध्यम-प्रवाहांसाठी त्याचा विचार करावा. बाकीच्यांना त्याची घाई नाही.

दोन पर्यायांत मन अडकले असेल, तर एकच स्क्रीन दोन्ही पद्धतींनी बांधून पाहावी. ती उघडी ठेवून नेटवर्क चाळीस सेकंद बंद करावे, त्या वेळात सर्व्हरवर तीन बदल करावेत आणि नेटवर्क पुन्हा सुरू करावे. मग दहा टॅब उघडे असताना सर्व्हर बंद करून चालू करावा. शेवटी लॅपटॉप झोपवून अर्ध्या तासाने उठवावा. प्रत्येक वेळी स्क्रीनवरील स्थिती सर्व्हरशी जुळते का, एखादा बदल दोनदा दिसतो का, आणि हे साधण्यासाठी प्रत्येक पद्धतीत आपल्याला किती कोड लिहावा लागला, एवढ्या तीन नोंदी ठेवाव्यात.