कॉर्नरशॉपची जुनी सीडी, दोन पौंडांत

परवा लेस्टरला एका चॅरिटी शॉपमधे (लोकांनी दान दिलेल्या जुन्या वस्तूंचं दुकान) कॉर्नरशॉप या ब्रिटिश बँडचा 'व्हेन आय वॉज बॉर्न फॉर द सेव्हन्थ टाइम' हा १९९७ चा अल्बम सापडला. केसचं झाकण निखळलेलं, आतलं बुकलेट गायब, काउंटरवरच्या बाई म्हणाल्या चेक केलीय, छान वाजते. त्याचं पुढे सांगतो.

घेतली ती दुसऱ्या नंबरच्या गाण्यासाठी, 'ब्रिमफुल ऑफ आशा'. आशा म्हणजे आपल्या सांगलीच्या आशा भोसलेच, शिवाय आशा म्हणजे होप हा श्लेष आहेच. लताबाई आणि रफीसाहेबांचंही नाव येतं त्यात. लिहिणारा तजिंदर सिंग, वुल्वरहॅम्प्टनचा पंजाबी पोरगा. बँड १९९१ मधे याच लेस्टरात जमला, आणि इंग्लंडात देशी माणूस म्हणजे कोपऱ्यावरचा दुकानदार असं जे धरून चालतात ना, तेच त्यांनी बँडचं नाव करून टाकलं. भारीच.

गंमत म्हणजे हे गाणं १९९७ ला आलं तेव्हा ब्रिटनच्या चार्टवर ६० व्या नंबरपर्यंत कसंबसं पोचलं. मग नॉर्मन कुक, म्हणजे फॅटबॉय स्लिम नावाचा इंग्लिश डीजे, त्याने रिमिक्स केलं, स्पीड वाढवला, सूर वर चढवला, ड्रम्स ठोकले आणि फेब्रुवारी १९९८ मधे थेट एक नंबर! बँडचं पहिलं मोठं हिट ते, आपण सगळ्यांनी ऐकलंय ते तेच.

पण या सीडीवर मूळ आहे, पाच मिनिटांच्या वरचं, आणि मला विचाराल तर खरं गाणं हेच. दोनतीन कॉर्ड घोळवत बसलेली गिटार, दुपारी जेवून आडवा झालेला माणूस गुणगुणतो तसा आवाज. ते फोर्टी-फाइव्ह फोर्टी-फाइव्ह जे चालतं ना ते ४५ स्पीडच्या छोट्या तबकडीबद्दल आहे, मला कॉलेजात वाटायचं कुणाचं तरी वय सांगतोय :) सिनेमे, रेडिओ, प्लेबॅक, मधेच सरकार बांधतंय त्या धरणांवर एक टोमणा, हे सगळं निवांत ऐकलं तरच कळतं, रिमिक्समधे नाचायच्या नादात निसटून जातं. आईला फोनवर ऐकवलं तर म्हणे, "अरे पण आशाताई गातायत कुठे यात?" नाहीच गात, काय सांगणार.

बाकी अल्बम थोडा विस्कळीत आहे, मधली वाद्यांची तुकडे-तुकडे गाणी मी पुढे ढकलतो. अमेरिकन कवी ॲलन गिन्सबर्गची कविता त्याच्याच आवाजात आहे, एकदा ऐकायला ठीक. शेवटी बीटल्सचं 'नॉर्वेजियन वूड' चक्क पंजाबीत, आशाच्या गाण्यानंतर मला सगळ्यात आवडणारं तेच, आणि सीडी अडकते ती नेमकी तिथेच. कापडाने पुसून पाहिली, टूथपेस्ट लावून पाहिली, पहिल्या कडव्यातच खर्रर्र.