आयव्हीएफ कुठे करायचं: साखळी सेंटर, डॉक्टरांचं स्वतःचं हॉस्पिटल की सरकारी रुग्णालय?

आयव्हीएफचं, म्हणजे लॅबमध्ये अंडी फलित करून भ्रूण गर्भाशयात सोडण्याच्या उपचाराचं, ठरलं की घरातून पहिला प्रश्न येतो, "तिथला सक्सेस रेट किती?" मीही हाच विचारला होता. पुण्यातल्या एका मोठ्या, अनेक शाखा असलेल्या साखळी सेंटरच्या भिंतीवर उत्तर ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं: सत्तर टक्के. आमच्या जिल्ह्यातल्या एका छोट्या हॉस्पिटलच्या डॉक्टर मात्र म्हणाल्या, "आकडा नंतर. आधी तुमचं वय सांगा आणि मिस्टरांचा रिपोर्ट दाखवा." तेव्हा मला ती टाळाटाळ वाटली, म्हणून आम्ही पुण्याला गेलो. नंतर त्याच डॉक्टरांकडे परत आलो. दोन्हीकडे मिळून तीन सायकल, म्हणजे उपचाराच्या तीन फेऱ्या, झाल्या. माझ्या नणंदेने मुंबईच्या एका सरकारी रुग्णालयात आययूआय (शुक्राणू थेट गर्भाशयात सोडण्याचा साधा उपचार) केलं, तेव्हा तिच्याबरोबर मी बऱ्याचदा रांगेत बसले. त्या अनुभवातून हे लिहिते आहे.

मला शेवटी मूल झालं की नाही, ते इथे मुद्दाम सांगत नाही. वेटिंग हॉलमध्ये एक गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली: जिला दिवस गेले तिच्या दृष्टीने डॉक्टर देव, आणि जिला गेले नाहीत तिच्या दृष्टीने तेच डॉक्टर लुटारू. निकाल डोळ्यांसमोर असला की उपचार कसे झाले हे कुणी बघतच नाही. तुम्हाला निवड निकाल कळायच्या आधी करायची आहे.

सत्तर टक्के म्हणजे कशाचे?

बीटा (दिवस गेलेत का ते सांगणारी रक्ततपासणी) पॉझिटिव्ह आलेल्यांचे, सोनोग्राफीत ठोके दिसलेल्यांचे, की बाळ घेऊन घरी गेलेल्यांचे? आणि कितींपैकी? सुरू केलेल्या सायकलपैकी, की ज्यांचं ट्रान्सफर झालं, म्हणजे गर्भाशयात भ्रूण सोडला गेला, फक्त त्यांच्यापैकी? या दोन प्रश्नांनी कुठलाही आकडा निम्म्यावर येऊ शकतो. ब्रिटनमध्ये एचएफईए ही सरकारी नियामक संस्था प्रत्येक क्लिनिकचे निकाल, तपासणीचे शेरे आणि रुग्णांनी दिलेले तारे एकाच जागी जाहीर करते. तिच्या २०२२ च्या आकडेवारीत १८ ते ३४ वयोगटात सोडलेल्या प्रत्येक भ्रूणामागे जिवंत बाळ जन्मण्याचं प्रमाण ३५ टक्के होतं, तर ४३-४४ व्या वर्षी ५ टक्के. वयाने एवढा मोठा फरक पडतो. आपल्याकडे राष्ट्रीय नोंदवहीत क्लिनिक नोंदणीकृत आहे की नाही ते पाहता येतं (ते आधी पाहाच), पण क्लिनिकनिहाय निकालांचा असा तक्ता सामान्य माणसाच्या हातात नाही. म्हणून भिंतीवरचा आकडा मी निवडीतून पूर्ण काढून टाकला.

त्याऐवजी मी एकच गोष्ट बघते: सायकल फसली तर पुढच्या आठवड्यात इथे माझ्याशी कसं वागतील? आयव्हीएफमध्ये पहिल्या खेपेला अपयश येण्याची शक्यता बहुतेक वयांत यशापेक्षा जास्त असते. म्हणजे तो आठवडा आपल्यापैकी बऱ्याच जणींच्या वाट्याला येणारच आहे.

हे फक्त माझं मत नाही. नेदरलँड्स आणि बेल्जियममधल्या संशोधकांनी २०११ साली रुग्ण आणि डॉक्टर दोघांपुढे काल्पनिक क्लिनिकचे पर्याय ठेवले होते. डॉक्टरांची वागणूक चांगली असेल, माहिती नीट मिळत असेल, तर त्यासाठी गर्भधारणेची थोडी कमी शक्यताही रुग्णांना चालणार होती. आपल्या रुग्णांना या गोष्टी इतक्या महत्त्वाच्या वाटतात याचा अंदाज डॉक्टरांना आलेला नव्हता. तो अभ्यास वाचताना मला आमचा वेटिंग हॉल आठवला.

साखळी सेंटर

इथली सगळ्यात मोठी जमेची बाजू डोळ्यांना दिसत नाही, ती म्हणजे लॅब. एम्ब्रिओलॉजिस्ट, म्हणजे लॅबमध्ये भ्रूण वाढवणारे तज्ज्ञ, पूर्णवेळ तिथेच असतात. म्हणून पिकअप (अंडी बाहेर काढणं) तुमच्या शरीराच्या वेळेनुसार ठरतं. अंडी पक्व करणाऱ्या शेवटच्या, ट्रिगर इंजेक्शननंतर साधारण ३४ ते ३६ तासांनी, मग रविवार का असेना. भ्रूण पाचव्या दिवसापर्यंत वाढवण्याची आणि गोठवण्याची सोय तिथेच असते. कागदपत्रंही चोख. किती अंडी मिळाली, किती फलित झाली, किती ब्लास्टोसिस्ट (पाचव्या दिवसाचे भ्रूण) झाले, हे मला दर टप्प्याला लेखी मिळालं. पुढे दुसरीकडे गेल्यावर तीच फाइल कामाला आली.

खटकलेली गोष्ट माणसांची. दहा-अकरा दिवसांत पाच वेळा फॉलिक्युलर स्टडी (अंड्यांची वाढ बघणारी सोनोग्राफी) झाली आणि चार वेगवेगळ्या डॉक्टरांनी केली. प्रत्येकीला पहिल्यापासून सगळं सांगायचं. 'काउन्सेलर' म्हणून ज्या बाईंशी गाठ घालून दिली, त्या मनाची विचारपूस करायला आहेत असं मला वाटलं होतं. त्यांनी पॅकेजचे तीन कागद पुढे सरकवले. आणि बीटाचा निकाल शाळेत, मी पाचवीचा तास घेत असताना, मोबाइलवर पीडीएफ म्हणून आला. फोन नाही, काही नाही. दुसऱ्या दिवशी फोन आला तो दुसऱ्या सायकलवरची सवलत सांगायला. सायकल फसली याचा मला राग नाही. पण तो फोन मी अजून विसरलेले नाही.

सगळ्या साखळ्या अशाच असतात असं नाही. माझ्या एका मैत्रिणीला त्याच शहरात, दुसऱ्या साखळीत, पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच डॉक्टर मिळाल्या. तिने पैसे भरण्याआधीच विचारून घेतलं होतं, "माझी सोनोग्राफी दरवेळी कोण करणार?" मी विचारलं नव्हतं.

डॉक्टरांचं स्वतःचं हॉस्पिटल

इथे चित्र बरोबर उलटं. डॉक्टर एकच. नाव, गाव, सासरची माणसं, आधीचा गर्भपात, सगळं त्यांच्या लक्षात. निकाल नकारार्थी आला तेव्हा रात्री साडेआठला त्यांनी स्वतः फोन केला. पहिलं वाक्य होतं, "घरी कोण आहे आत्ता तुमच्याजवळ?" निकाल त्यानंतर सांगितला. चार दिवसांनी दोघांना बोलावलं आणि अर्धा तास फक्त काय चुकलं असेल यावर बोलल्या, पुढच्या सायकलचा विषयही न काढता. माझ्या नवऱ्याला कुणी खुर्ची देऊन प्रश्न विचारण्याची ती पहिलीच वेळ होती. कितीतरी जोडप्यांत अडचण पुरुषाच्या बाजूची किंवा दोघांची असते. तरी बहुतेक ठिकाणी पुरुषाला बाहेरच बसवतात, आणि नमुना द्यायची खोली अशी की दाराला कडी नाही. तुमच्यासोबत येणाऱ्या माणसाला कसं वागवतात, तेही बघा.

पण लॅबच्या बाबतीत इथे डोळे उघडे ठेवून जायला हवं. बऱ्याच छोट्या ठिकाणी एम्ब्रिओलॉजिस्ट मोठ्या शहरातून ठरावीक दिवसांत येतात आणि त्या दिवसांत बसतील अशा सात-आठ बायकांच्या सायकल एकत्र आणतात. याला बॅच म्हणतात. पाळी पुढेमागे करायला गोळ्या देतात. ही पद्धत चुकीची आहे असं मी म्हणणार नाही, पण ते आपल्याला कुणी आपणहून सांगत नाही. मला दुसऱ्या सायकलच्या मध्यावर कळलं. भ्रूणांची लेखी नोंदही तीनदा मागितल्यावर मिळाली. ही मागणी म्हणजे अविश्वास नाही. डॉक्टर कितीही जवळच्या वाटल्या तरी कागद मागाच.

आणि एक गोष्ट मन घट्ट करून लिहिते. अशा हॉस्पिटलात बाळंतपणंही होतात. तुम्ही बीटासाठी रक्त द्यायला बसलेल्या असता आणि समोर कुणी पेढे वाटत असतं. मी दोनदा जिना उतरून रस्त्यावर जाऊन उभी राहिले. काही डॉक्टर आमच्यासारख्यांसाठी दुपारची वेगळी वेळ ठेवतात. तशी सोय आहे का, ते निःसंकोच विचारा.

सरकारी रुग्णालय

भारतातलं वैज्ञानिक नोंदींसह झालेलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ ६ ऑगस्ट १९८६ रोजी जन्मलं, ते मुंबईच्या केईएम या महापालिकेच्या रुग्णालयात, डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून. कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी त्याआधीच, १९७८ मध्ये, हे साधलं होतं. पण त्यांच्या हयातीत ते मानलं गेलं नाही. केईएमचा वारसा असूनही पुढच्या काळात हा उपचार बहुतांशी खासगी राहिला, याचं मला फार वाईट वाटतं. गोव्यात २०२३ पासून बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात मोफत आयव्हीएफची सोय सुरू झाली. आपल्याकडे बहुतेक सरकारी ठिकाणी तपासण्या, दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया आणि आययूआयपर्यंत मजल जाते.

नणंदेचा अनुभव: केसपेपरसाठी सकाळी सातपासून रांग, दरवेळी नवे रेसिडेंट डॉक्टर, आणि टेबलाभोवती चार बायका उभ्या असताना मोठ्याने विचारलेलं, "लग्नाला किती वर्षं झाली? संबंध नीट येतात ना?" ती घरी येऊन जेवली नव्हती. पण तिथेच, कुणाला काही विकायचं नसल्यामुळे, तिला आयव्हीएफ आत्ता लागणारच नाही हे स्पष्ट सांगितलं गेलं. थायरॉइड आणि नवऱ्याची वीर्यतपासणी आधी केली. खासगीत तिला लाखभराचं पॅकेज सांगितलं होतं.

पैसे आणि वरचे चार्जेस

मला सांगितलेला आकडा होता एक लाख चाळीस हजार. बिल झालं दोन लाख पस्तीस हजार. इंजेक्शनं, भूल, भ्रूण गोठवणं, नंतर तो गोठवलेला भ्रूण सोडणं (फ्रोझन ट्रान्सफर) हे सगळं वेगळं होतं. वंध्यत्वाचा उपचार बहुतेक आरोग्य विम्यांत वगळलेला असतो, त्यामुळे हे पैसे खिशातून किंवा सोनं मोडून जातात. २०२१ च्या एआरटी (सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान) कायद्यानुसार खर्च, यशाची शक्यता आणि धोके आधी समजावून सांगणं क्लिनिकवर बंधनकारक आहे आणि तक्रार निवारण कक्षही असायला हवा. वयाची मर्यादाही त्याच कायद्यात आहे: स्त्रीसाठी २१ ते ५०, पुरुषासाठी २१ ते ५५. लेव्हल १ नोंदणीच्या क्लिनिकला फक्त आययूआय करता येतं. आयव्हीएफला लेव्हल २ लागते. नोंदणी प्रमाणपत्र भिंतीवर शोधा.

सायकल फसल्यावर अनेक ठिकाणी 'यावेळी हेही करू' म्हणून जादा गोष्टी सुचवतात. त्यांतलं गर्भाशयाच्या अस्तराला ओरखडा देणं माझ्याही यादीत होतं. २०१९ मध्ये न्यूझीलंडमधल्या संशोधकांच्या पुढाकाराने पाच देशांत १,३६४ स्त्रियांवर याची चाचणी प्रसिद्ध झाली. ओरखडा दिलेल्या आणि न दिलेल्या, दोन्ही गटांत बाळ जन्मण्याचं प्रमाण २६.१ टक्केच निघालं. मी ही माहिती डॉक्टरांना दाखवली. छोट्या हॉस्पिटलातल्या डॉक्टर म्हणाल्या, "मग नको करूया." अशी जादा गोष्ट सुचवली की विचारा, "हे केल्याने बाळ होण्याची शक्यता वाढते याचा पुरावा काय?" उत्तर देताना डॉक्टर चिडले, तर तुमच्या निवडीला मोठी मदत झाली असं समजा.

मग कुणी कुठे जावं?

वय तिशीच्या आत, लग्नाला दोन-तीन वर्षं, कुठलीच तपासणी झालेली नाही: सरकारी रुग्णालयापासून सुरुवात करा, लाज आणि रांग दोन्ही सोसून. अडतिशी ओलांडली असेल किंवा एएमएच (अंड्यांचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) फार कमी असेल, तर रांगेत महिने घालवू नका. पूर्णवेळ लॅब असलेलं ठिकाण गाठा, मग ते साखळी असो वा नसो, आणि एकच डॉक्टर मिळावा असा हट्ट धरा. आधी एक-दोन सायकल फसून मन खचलं असेल, तर मी ओळखीच्या, वेळ देणाऱ्या डॉक्टरांकडे जाईन, पण एम्ब्रिओलॉजिस्ट कधी आणि किती दिवस असतात हे विचारून. गाव लांब असेल तर एसटीच्या फेऱ्याही मोजा: दहा-बारा दिवसांत पाच-सहा वेळा जायचं असतं आणि रजा कुणाला इतक्या मिळतात?

पैसे भरण्याआधी एकदा कामाच्या दिवशी सकाळी दहाला तिथे जा आणि तासभर नुसत्या बसा. सिस्टर बायकांना नावाने हाक मारतात की टोकन नंबरने, ते ऐका. रिपोर्ट नकारार्थी आलेली एखादी बाई बाहेर येईल. तिच्याजवळ कुणी थांबतं का, ते बघा. मग आत जाऊन डॉक्टरांना विचारा, "माझा बीटा निगेटिव्ह आला तर मला फोन कोण करणार?"