लिनक्सची डिस्क विंडोजवर: रीडर की डब्ल्यूएसएल?

घरच्या उबुंटूवर (लिनक्सवर) एक्स्ट४ या लिनक्सच्या फाइल सिस्टिममध्ये फॉरमॅट केलेली डिस्क विंडोजच्या लॅपटॉपला लावली की कधी काहीच दिसत नाही, कधी ‘फॉरमॅट करायची का?’ असं विचारलं जातं. तिथे नाही म्हणायचं, हे तुम्हाला ठाऊक असेलच. पुढच्या दोन्ही वाटा, म्हणजे रीडर आणि डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आतच लिनक्स चालवण्याची सोय), मी वापरून पाहिल्या आहेत.

एक म्हणजे फक्त वाचणारा मोफत रीडर. इन्स्टॉल केला की फोल्डर समोर. डिस्कवर तो काहीच लिहीत नाही, म्हणून खरखरणारी, शेवटच्या घटका मोजणारी डिस्क असेल तर मी आजही रीडरच घेईन. पेन ड्राइव्हलाही तोच बरा, कारण डब्ल्यूएसएलची माउंट (डिस्क जोडायची) कमांड पेन ड्राइव्ह घेत नाही.

माझं अडलं ते बहिणीच्या लग्नाच्या शूटिंगपाशी. कॅमकॉर्डरच्या फायलींची नावं ०००१२, ०००१३ अशी. उघडल्याशिवाय आत हळद आहे की वरात, कळत नाही. माझ्याकडच्या रीडरमध्ये व्हिडिओ जागच्या जागी चालत नव्हता. आधी सी ड्राइव्हवर सेव्ह करा, मग बघा, नको असेल तर डिलीट करा. एकेक फाइल दोन जीबीची. मंगलाष्टकांची क्लिप सापडेपर्यंत संध्याकाळ गेली.

डब्ल्यूएसएल २ ला सुरुवातीची खटपट आहे. ॲडमिन म्हणून पॉवरशेल (कमांड टाइप करायची विंडोजची खिडकी) उघडा, डिस्कचा नंबर शोधा, कमांड द्या. लॅपटॉप रीस्टार्ट झाला की पुन्हा तेच. डिस्क जोडलेली असताना अख्खी विंडोजच्या हातून जाते, त्यामुळे तिच्यावरचं एनटीएफएस (विंडोजचं) पार्टिशनही तेवढ्यापुरतं दिसत नाही. ऑफिसच्या लॅपटॉपवर ॲडमिनचे हक्क नसतील तर हा मार्ग बंदच.

पण एकदा जोडली की एक्सप्लोररमध्ये डावीकडे पेंग्विनवर क्लिक करून फाइल थेट प्लेअरमध्ये उघडते. शिवाय लिहिणारा खरा लिनक्स कर्नलच (लिनक्सचा गाभा) असतो, म्हणून फायलींची नावं बदलतानाही मला धास्ती वाटत नाही. हजारो बारीक फायली कॉपी करताना मात्र हा रस्ता रेंगाळतो, निदान माझ्या लॅपटॉपवर तरी.

एकदाच चार फोटो काढून घ्यायचे असतील तर एवढा खटाटोप कदाचित नको. माझी डिस्क महिन्यातून दोनदा तरी लागते, म्हणून माउंट आणि अनमाउंट या दोन्ही कमांड मी डेस्कटॉपवर नोटपॅडमध्ये ठेवल्या आहेत. केबल काढण्याआधी दुसरी चालवतोच.