डीव्हीआरचा आवाज बंद करू देऊ नका

58,500 रुपये. गावच्या घरी कॅमेरे बसवायच्या नावाखाली एवढे गेले. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण नातेवाइकांना मी आजवर ‘पंधरा-वीस हजार गेले’ असंच सांगत आलोय. लाज वाटत होती. आता लाजेपेक्षा संताप जास्त आहे.

मी गोव्यात, फोंड्याला राहतो, कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात हिशेब बघतो. गावच्या जुन्या घरात आई एकटी असते, वय 74. मागे कुळागर, म्हणजे सुपारीची बाग, शेजार हाकेच्या अंतरावर नाही. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) महिनाभर आधी गावात दोन घरं फोडली आणि पुण्याच्या बहिणीने रोज फोन करून ‘कॅमेरे बसव’चा धोशा लावला. गावातच एका घरी कॅमेरे बसवणारा माणूस भेटला. चार कॅमेरे, 2 टीबीच्या हार्ड डिस्कसह डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्रण डिस्कवर साठवणारा डबा), पुढच्या दाराला बोटाच्या ठशाचं कुलूप, मोबाइलवर चालणारे सहा स्विच आणि व्हिडिओ बेल, सगळं मिळून 62,000. आईच्या पाया पडला, म्हणाला, “काकी, भिवपाची गरज ना.” म्हणजे घाबरायची गरज नाही. आई पाघळली, मीही पाघळलो.

10,000 टोकन दिलं, केबल ओढायच्या दिवशी 30,000, कॅमेरे लागले त्या संध्याकाळी 15,000. तिन्ही वेळा स्कॅन केल्यावर कुणा बाईचं नाव आलं. “बायकोचं खातं आहे, दादा.” पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, 18 टक्के जीएसटी पडेल, 11,160 रुपये उगाच जातील. मी हो म्हटलं. ही माझी चूक, कबूल. पण इथे घरकामाला आलेल्या कुठल्या कारागिराकडे आपण पक्कं बिल मागतो? गवंड्याकडे मागितलंय कधी? तरीही सांगतो, मागा. आणि त्या बिलावर प्रत्येक कॅमेऱ्याचा आणि डिस्कचा सिरियल नंबर लिहून घ्या. माझ्याकडे वहीचं एक फाडलेलं पान आहे, त्यावर नुसतं ‘62 फुल सेट’.

आता ती गोष्ट, जी आठवली की आजही झोप उडते. डीव्हीआर पहिल्यांदा चालू केला तेव्हा तो वाजायला लागला. पीं... पीं... थांबून पुन्हा पीं. आई आतून म्हणाली, “ते काय रे ओरडतंय?” तो हसला, माउस हातात घेतला, मेनूत गेला आणि एका चौकोनातली खूण काढून टाकली. आवाज बंद. “नवीन मशीन आहे, काकींना रात्री त्रास नको.” मी त्याच्या खांद्यामागे उभा होतो. पडदा मला दिसत होता. मी त्याला धन्यवाद दिले.

डिस्क नसली किंवा बिघडली की डीव्हीआर असाच ओरडतो. तो ओरडून सांगत होता आणि माझ्या डोळ्यांदेखत त्याचं तोंड बंद केलं गेलं. डिस्क नसतानाही चारही कॅमेऱ्यांचं चित्र टीव्हीवर आणि मोबाइलवर झकास दिसतं, फक्त साठत काहीच नाही. मी महिनोन्महिने जेवणाच्या सुट्टीत तुळस, अंगण, मागची खोप बघत होतो आणि निर्धास्त होतो. कालचं चित्र उघडून बघावं असं एकदाही मनात आलं नाही. का येईल? काल काही झालंच नव्हतं.

कुलूप आलंच नाही. येऊनही उपयोग नव्हता, कारण आमचं दार फणसाच्या लाकडाचं, दोन फळ्यांचं, आणि त्याने माप घेतलं ते वितीने. तेव्हाच हाकलायला हवा होता. स्विच दोनच बसले आणि तेही चालेनात, कारण तसल्या बहुतेक स्विचना बोर्डात न्यूट्रल वायर लागते आणि आमच्या जुन्या वायरिंगमध्ये बोर्डापर्यंत फक्त फेज येते. हे खरं इलेक्ट्रिशियनने नंतर दोन मिनिटांत सांगितलं. बेल दारावर, राउटर आतल्या खोलीत, मध्ये हातभर जाडीची चिऱ्याची भिंत. वायफाय कुठून पोचणार? जुनं घर असेल तर आधी आपला इलेक्ट्रिशियन आणा, मग कॅमेरेवाला. एवढं होऊनही नोव्हेंबरात वर्षाची सर्व्हिस म्हणून 3,500 घेऊन गेला. कुलुपासाठी 7,000 राखून ठेवले होते, तेवढेच वाचले.

जानेवारीत खोपीतून वाळवलेल्या सुपारीची दोन पोती गेली. वर्षभराचं पीक. आई रडली नाही, उलट म्हणाली, “कॅमेऱ्यात असेल ना.” इलेक्ट्रिशियनच्या पोराने डीव्हीआरचे स्क्रू काढले. आत डिस्कची जागा रिकामी, तिची वायर नुसती लोंबकळत होती.

त्याहून वाईट पुढे. ॲपमध्ये मुख्य खातं त्याच्या मोबाइल नंबरावर होतं, मला त्याने फक्त ‘शेअर’ दिलं होतं. म्हणजे ऑगस्टपासून आमची ओसरी तो हवी तेव्हा बघू शकत होता. आई तिथे बसून भाजी निवडते. हे तिला कळल्यापासून ती ओसरीवर बसत नाही. डीव्हीआरचा क्यूआर कोड तुमच्याच फोनवरून स्कॅन करा, ॲडमिनचा पासवर्ड स्वतः टाका, त्याला पाठ करून उभं राहायला सांगा. राग आला तर येऊ दे.

पोलीस चौकीत गेलो. पहिला प्रश्न, “कॅमेरे आहेत ना? मग फुटेज आणा.” फुटेज का नाही ते सांगितलं तर म्हणे कॅमेरे तर बसवलेत, हा दिवाणी वाद, वकील बघा. पैसे ऑनलाइन गेले म्हणून दुसऱ्या कार्यालयात पाठवलं. तिथे म्हणाले, माणूस तुमच्या घरी आला होता, पिन तुम्ही टाकलात, हा सायबर गुन्हा नव्हे, परत तिकडेच जा. बँकेतही तेच, पिन तुम्ही टाकलात. चार रजा गेल्या. एकानेही तो फोन नंबर लावून बघितला नाही, ज्या खात्यात पैसे गेले ती बाई कोण हे विचारलं नाही. डिस्कचे पैसे घेऊन रिकामा डबा ठेवणं, वर त्याची बोंब बंद करणं हा दिवाणी वाद? भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं कलम 318 कशासाठी आहे मग? तुमच्यावर अशी वेळ आली तर तोंडी बोलून परतू नका, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. नोंद करत नसतील तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) खाली पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवा. आणि पैसे खरोखर ऑनलाइन ठगाने उडवले असतील तर वाट न बघता 1930 ही सायबर हेल्पलाइन लावा.

ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी नाही, वकील लागत नाही. ते मला एका सहकाऱ्याने सांगितलं, कुठल्याही कचेरीतल्या खुर्चीने नाही.

नवी 2 टीबीची डिस्क स्वतः दुकानातून आणून बसवली. चार कॅमेऱ्यांना साधारण तीन आठवडे पुरते. मेनूत ‘स्टोरेज’ उघडलं की डिस्कची क्षमता दिसते, पैसे देण्याआधी एवढं बघा, आणि शेवटचा हप्ता आठ दिवसांनी, आठवड्यापूर्वीचं रेकॉर्डिंग बघूनच द्या. कॅमेऱ्यावर बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो, तो बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो. माझ्या चारपैकी एकावरही नव्हता. केबलचं टोक खरवडलं तर आत तांब्याऐवजी पांढरं ॲल्युमिनियम निघालं.

अधीक्षकांना अर्ज रजिस्टर्ड पोस्टाने गेलाय, पोच आली, उत्तर नाही. तुमच्याकडेही कुणी असं काम करून गेला असेल, पैसे ‘बायकोच्या खात्यात’ घेतले असतील, तर आज घरी जाऊन डीव्हीआर उघडून बघा. रिकामा निघाला तर यूपीआयच्या पावत्या जपून ठेवा आणि मला कळवा. एकट्याला परत पाठवणं त्यांना सोपं जातं, पाच-सहा जण मिळून गेलो तर बघू काय म्हणतात.